यायच्या वस्तूचं माप

धाकटा छप्पन्न वर्षांचा झाला तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत, आणि त्याला कारण ताई. ती त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. तेव्हापासून त्याचा डबा, त्याची शाळा, त्याची दुखणीखुपणी सगळं तिने एकहाती निभावलं. पुढे तिने मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं आणि तीस वर्षं अर्ध्या गावाला गाडी शिकवली. हात टेकले ते फक्त धाकट्यापुढे. तीनदा परीक्षेला बसवला, तीनदा नापास झाला. तिसऱ्या वेळी तर परीक्षा घेणारे साहेब अर्ध्या रस्त्यात उतरून चालत परत गेले.

त्यामुळे संग्रहालय खात्याच्या मुख्य कार्यालयाने चार प्रादेशिक संग्रहालयांचं काम धाकट्याला दिलं, तेव्हा व्हॅन चालवायला ताईच निघाली. घरी बसून गुडघे धरतात, असं तिचं म्हणणं होतं.

धाकटा स्टँड बनवायचा. काचेमागे एखादा मुखवटा किंवा तुटकी बासरी हवेत तरंगल्यासारखी दिसते ना, तिच्या पाठीशी पितळी सळईचे बारीक काटे असतात. कुणीतरी ते वाकवून, झाळून, वस्तूच्या रंगात रंगवून बसवलेले असतात. काट्यांच्या टोकांना फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या मऊ लोकरीचे, इवलेसे तुकडे चिकटवायचे, म्हणजे पितळ वस्तूला टोचत नाही. माझं काम कुणाला दिसलं की समजायचं मी चुकलो, असं तो लोकांना अभिमानाने सांगे. त्यावर ताई म्हणे, तुझं ड्रायव्हिंग मात्र सगळ्यांना दिसलं.

पहिलं संग्रहालय विणकरांच्या गावात होतं, जुन्या पोस्टाच्या इमारतीत. जिथे पूर्वी तिकिटं विकत तिथे आता मागाचे धोटे मांडले होते. क्युरेटर उंच, सडपातळ, आणि शेजारच्या खोलीत कुणी आजारी माणूस झोपला असावा अशा आवाजात बोलणारे. त्यांनी यादी दिली. सात वस्तू. सहा कोठारात होत्या. सातव्या ओळीत वस्तूच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘यायची आहे’. पुढे मापं होती. लांबी २३१ मिलिमीटर, रुंदी ८८, मधला उंचवटा, मागचा गोलावा, वजन ८६० ग्रॅम. शेवटी दाखल होण्याची तारीख होती, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारची.

वस्तू कसली आहे, असं धाकट्याने विचारलं. आल्यावर कळेल, क्युरेटर म्हणाले. यादी वरून अशीच आली होती.

धाकट्याला यात फारसं वावगं वाटलं नाही. वस्तू हाती नसली की तो मापांवरून मातीचा नमुना करी आणि त्यावर स्टँड बेतत असे. दोन दिवसांत नमुना झाला. डाव्या पायाचं पाऊल. जुन्या पुतळ्याचं असणार, असं त्याने मनाशी ठरवलं. वजन तेवढं पटत नव्हतं. एवढं पाऊल दगडाचं असतं तर दोन किलोच्या पुढे गेलं असतं, आणि लाकडाचं असतं तर इतकं भरलं नसतं.

स्टँड बसवायला तो आतल्या दालनात गेला. दालन रिकामं होतं. मध्ये एकच काचेची पेटी, तीही रिकामी, पण काच इतकी लख्ख की हात लावावासा वाटू नये. पेटीशेजारी खुर्ची टाकून दालनाची राखण करणाऱ्या बाई विणकाम करत बसल्या होत्या. इथे तर राखायला काहीच नाही, असं तो सहज म्हणाला.

“नाहीच,” बाई टाके मोजता मोजता म्हणाल्या. “पण एकटं ठेवावंसं वाटत नाही.”

दुसरं संग्रहालय नदीकाठच्या धान्याच्या गोदामात होतं. तिथला क्युरेटर पोरसवदा आणि बोलका. त्याने धाकट्याला पुरातल्या पाण्याच्या खुणा दाखवल्या, छताला लटकवलेली होडी दाखवली, सतरा प्रकारचे तराजू दाखवले. यादीतल्या शेवटच्या ओळीवर धाकट्याने बोट ठेवलं तेव्हा मात्र त्याला एकदम कुठेतरी जायचं आठवलं. ओळ तशीच होती. यायची आहे. तारीख तीच. मापांवरून झाला तो गुडघा, किंचित वाकलेला, खाली थोडी मांडी आणि थोडी पोटरी धरून.

म्हणजे पुतळा फुटला आणि तुकडे चार ठिकाणी वाटून दिले, असा धाकट्याने निष्कर्ष काढला. व्हॅनमध्ये त्याने तो ताईला सांगितला. वाटायचाच होता तर निदान एकाच गावाला दोन्ही पाय द्यायचे, असं ताईचं मत पडलं. तिने पुढच्या ट्रकला दोन शब्द सुनावले आणि घाट चढायला घेतला.

तिसरं संग्रहालय त्या डोंगरावर होतं, दोन खोल्यांच्या जुन्या शाळेत. तिथे क्युरेटर नव्हताच. एक म्हातारे रखवालदार होते, तेच तिकीट फाडत, तेच केर काढत, तेच कुलूप लावत. पहिल्या खोलीत खाणीतले दिवे, हातोडे आणि लोखंडी टोप होते. फळा अजून भिंतीवरच होता. धाकट्याने पायरीवर लाकडी पाट ठेवला आणि उन्हात कामाला बसला.

या खेपेला यायच्या वस्तूची मापं चांगली पानभर होती. मनगटाचा घेर १५८. पाच बोटं, प्रत्येकाचं पेरन् पेर मोजलेलं. वजन ३४० ग्रॅम. खाली एक टीप होती, पाचवं बोट मधल्या पेरापासून आत वळलेलं, चौदा अंश. कुठल्या मूर्तिकाराने असं बोट घडवलं असेल याचं त्याला नवल वाटलं. पण माप ते माप. त्याने करंगळी कोनमापकाला लावून वाकवली.

दुपारी ताई थर्मासमधला चहा घेऊन आली. पाटावर मातीचा हात वाळत होता. तिने वाकून पाहिलं आणि हसली.

“माझा हात कशाला केलास रे?”

ताईने कप खाली ठेवला आणि आपला डावा हात मातीच्या हाताशेजारी टेकवला. अंगठ्याचं मूळ, मधल्या बोटाचा जाड सांधा, आत वळलेली करंगळी. फरक फक्त रंगाचा होता.

ती करंगळी मोडली तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता. रागाच्या भरात त्याने कपाटाचं दार आपटलं आणि ताईचा हात मध्ये होता. माझ्याच हातून झालं, असं तिने वडिलांना सांगितलं होतं. त्या घरात त्याबद्दल पुन्हा कधी शब्द निघाला नाही.

“सवयीने झाला असेल,” धाकटा म्हणाला. “लहानपणापासून तोच हात बघतोय.”

ताईला ते पटलं. ती चहा पिऊन, चपला काढून, भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. धाकट्याने तिची डावी चप्पल उचलली. वर्षानुवर्षं घालून तळव्यावर पावलाचा काळपट ठसा उमटला होता. त्याने त्यावर पोलादी पट्टी ठेवली. दोनशे एकतीस. मग आडवी ठेवली. अठ्ठ्याऐंशी.

तो उठून आत गेला. यादी कुणी पाठवली, असं त्याने रखवालदारांना विचारलं. वरून येते, ते म्हणाले. वर कोण आहे ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. याआधी असं काही इथे आलं होतं का, असं धाकट्याने विचारलं.

रखवालदार हातातली किल्ली फिरवत राहिले.

“पूर्वी तिकिटं माझी बायको द्यायची,” ते म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. “आत पेटीला पडदा लावलाय. रोज पुसतो मी. बघायचंय?”

“नको,” धाकटा म्हणाला.

त्याने स्टँड पुरा केला, कारण काय करावं हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं आणि हातांना दुसरं काही येत नव्हतं. मातीचा हात त्याने मागच्या उतारावर नेऊन दगडाने फोडला. पण त्याच संध्याकाळी, व्हॅन डोंगर उतरत असताना, त्याचं ठरलं. चौथ्या ठिकाणी काय मागितलं असेल ते त्याला कळून चुकलं होतं, आणि ते तो करणार नव्हता. ताईला त्याने काही सांगितलं नाही. आयुष्यभर तिने त्याच्या वाटणीचं झेललं होतं. एवढं तरी त्याला एकट्याने झेलायचं होतं.

चौथं संग्रहालय बंदरातल्या जुन्या जकात कचेरीत होतं. खिडक्यांच्या काचांवर मिठाची साय धरली होती. तिथल्या क्युरेटर बाई धिप्पाड, चष्म्याला साखळी लावलेल्या, टेबलावर एकही कागद तिरका न ठेवणाऱ्या. धाकट्याने यादी घेतली आणि थेट शेवटच्या ओळीवर गेला. मानेचा घेर ३३८. कानापासून कानापर्यंतचं अंतर. उजवीकडे नऊ अंश कललेली. वजन चार किलो चारशे.

ताईला डाव्या कानाने कमी ऐकू येई. कुणी बोलायला लागलं की ती उजवा कान पुढे करून मान जराशी कलती धरत असे.

“ही वस्तू मी करणार नाही,” धाकटा म्हणाला. “आणि आधीचे तिन्ही स्टँडसुद्धा काढून टाकणार आहे.”

बाईंनी उठून दार लावलं. मापं कुणाची आहेत, एवढंच त्यांनी विचारलं. त्याने खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. धक्क्यावर ताई व्हॅनच्या काचा पुसत होती.

“तुमच्या आधी जे हे काम करायचे, त्यांनीही नाही म्हटलं होतं,” बाई म्हणाल्या. “त्यांच्या मुलीची मापं होती. त्यांनी स्टँड दिलाच नाही.”

“मग?”

“वस्तू ठरल्या दिवशी आली. सकाळी मी कुलूप काढलं तेव्हा पेटीच्या तळाशी पडली होती. आधाराशिवाय, आडवी.” बाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. “तसं नको हो. तसं कुणाचंच नको.”

धाकटा खुर्चीत बसला. बाहेर ताईने कुणा अनोळखी माणसाला गाडी मागे घ्यायला हात दाखवून मदत चालवली होती. थोडं डावीकडे, अजून, बस. तो तिच्याकडे बघत राहिला आणि एखादा न बसणारा सांधा पुन:पुन्हा फिरवून बघावा तसा त्याने सगळा मामला मनात फिरवून पाहिला. स्टँड नसेल तर वस्तू तळाशी पडते. स्टँड असेल तर उभी राहते. तिसरी एक गोष्ट होती, आणि ती फक्त त्याच्या धंद्यातल्या माणसालाच सुचली असती.

“स्टँड असला, पण वस्तू त्यात बसली नाही तर?”

बाईंनी कपाटातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. बराच वेळ त्या पानं उलटत राहिल्या.

“बसत नसेल ती वस्तू आम्ही नोंदवत नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “शेरा मारून परत. जिथून आली तिथे.”

“असं कधी झालंय?”

“असं कधी कुणी विचारलं नाही.”

धाकट्याने त्याच बैठकीला मापं मांडली. मानेला चार काटे, घेर सहा मिलिमीटरने कमी. सळई नेहमीपेक्षा जाड घेतली, म्हणजे कुणी हाताने फाकवू शकणार नाही. झाळ दुहेरी मारली. फेल्ट लावलं नाही. जिथे काही बसणारच नव्हतं तिथे मऊपणा कशाला? मंगळवारी संध्याकाळी त्याने तो स्टँड पेटीत घट्ट बसवला आणि ताईला म्हणाला, उद्या परत फिरायचं. तिन्ही ठिकाणी माझं माप चुकलंय.

“तिन्ही ठिकाणी?” ताईने विचारलं. चाळीस वर्षांत त्याचं माप एकदाही चुकलेलं तिने पाहिलं नव्हतं. पण त्याचा चेहरा बघून तिने पुढे काही विचारलं नाही. बुधवारी पहाट फुटता फुटता तिने गाडी काढली.

त्या दोन दिवसांत धाकटा इतका मन लावून राबला, की तसा तो कधी राबला नसेल. डोंगरावर त्याने हाताच्या स्टँडचे तीन काटे कापले आणि नवे लावले, फेल्टशिवाय, पाच मिलिमीटर आत. रखवालदार पायरीवर उभे राहून बघत होते. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. निघताना मात्र ते व्हॅनपर्यंत आले आणि ताईच्या खिडकीशी उभे राहून, गाडी जपून चालवा, एवढं म्हणाले. नदीकाठी बोलका क्युरेटर दिसलाच नाही. शिपायाने दार उघडून दिलं. गुडघ्याची कमान धाकट्याने चिमट्याने आवळली. ताई मध्ये मध्ये डोकावून त्याला पाणी देत होती, आणि प्रत्येक वेळी तो अंगाने काम झाकत होता.

पोस्टाच्या इमारतीत पोहोचेपर्यंत गुरुवारची संध्याकाळ झाली होती. बंद व्हायला अर्धा तास होता. विणकाम करणाऱ्या बाई खुर्चीतच होत्या. धाकट्याने पावलाचा स्टँड उतरवला, टाचेचा काटा पुढे घेतला, जुनं फेल्ट खरवडून काढलं. बाईंच्या सुया थांबल्या.

“घट्ट होईल,” त्या म्हणाल्या.

“होऊ दे. बसूच नये असा केलाय.”

“बसत नसलं तरी बसवतात हो,” बाई म्हणाल्या.

कोण बसवतं, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा झाली आणि क्युरेटर दिवे मालवत आले. काही कळायच्या आत धाकटा बाहेरच्या फुटपाथवर होता आणि आतून अडसर पडला होता. त्याने दोनदा दार वाजवलं. मग त्याने स्वत:ची समजूत घातली. नियम पुस्तकात लिहिलेला होता, बंदरातल्या क्युरेटर बाईंनी त्याच्यासमोर बघून सांगितला होता. खुर्चीत बसून विणणाऱ्या बाईला काय माहीत?

शुक्रवारी सकाळी ते घराकडे निघाले. स्वच्छ ऊन पडलं होतं. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं होती, रस्ता सरळ आणि मोकळा. संग्रहालयं दहाला उघडतात. पावणेदहापासून धाकटा डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघत होता.

दहा वाजले. ताई त्याच्या चौथीतल्या वर्गशिक्षकांची नक्कल करत होती.

दहा वाजून दहा मिनिटं झाली. ताईने एका सायकलवाल्याला वाट दिली.

साडेदहाला धाकट्याने खिडकी खाली केली आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. मग तोही हसला. नक्कल खरोखरच चांगली होती.

अकराच्या सुमारास ताईने गाडी एका झाडाखाली घेतली. चहा पिऊ या, म्हणाली. थर्मासचं झाकण तिला उघडेना.

“बघ रे जरा. हात धरलाय सकाळपासून.”

धाकट्याने थर्मास घेतला नाही. त्याने तिचा डावा हात धरला आणि बाही वर केली. मनगटावर, वरच्या बाजूला, एक लाल ठिपका होता. मसुराएवढा, खोल रुतलेला.

“घड्याळाचा पट्टा चावला असेल,” ताई म्हणाली.

घड्याळ तिच्या उजव्या हातात होतं.

धाकट्याने मनगट हळूच फिरवलं. दुसरा ठिपका होता. आणखी फिरवलं. तिसरा होता. तिन्ही एकमेकांपासून सारख्या अंतरावर. मोजायची गरज नव्हती.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत तो तसाच तिचा हात धरून बसला. मग त्याने मागे वळून हत्यारांची पेटी ओढली, फेल्टचा तुकडा आणि कात्री काढून मांडीवर घेतली. वर्तुळं नीट कापली जात होती.

“ताई,” तो म्हणाला, “गाडी वळव. डोंगरावर आधी, मग बाकीच्या ठिकाणी.”

“आता काय राहिलं?”

“मऊ करायचं राहिलंय.”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, आणि रस्ता मोकळा आहे का ते बघायला मान मागे वळवली.

मान अर्ध्यावर थांबली.

तिने पुन्हा प्रयत्न केला नाही. आरशातच पाहिलं, आणि गाडी वळवली.